अंगकोरचा सैनिक नेमका कसा लढायचा? दगडातल्या फौजेची गोष्ट, सोप्या भाषेत

जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर पाच दिवस तोफा चालल्या, रॉकेट पडली, विमानंसुद्धा आली, आणि बातम्यांमध्ये एक नाव सारखं कानावर पडायला लागलं, प्रासात ता मुएन थोम. हे डोंगररांगेतलं जुनं शिवमंदिर आहे, ख्मेर राजांच्या काळातलं, आणि त्याच्या गाभाऱ्यात घडवून आणलेली पिंड नाही तर तिथलाच खडक वर आलेला आहे, म्हणजे आपण ज्याला स्वयंभू म्हणतो अगदी तेच. त्याच आठवड्यात फोनवर दगडी सैनिकांचे फोटो फिरायला लागले, भाले घेतलेले, हत्तीवर बसलेले, खाली 'आमचे पूर्वज' वगैरे लिहिलेलं. माझ्या भाच्याने त्यातला एक फोटो मला दाखवून विचारलं, मावशी, हे लोक खरंच असे उघड्या अंगाने लढायचे का गं, की मूर्तिकाराने आपलं असंच कोरलंय?

प्रश्न साधा होता पण उत्तर द्यायला बसले आणि संध्याकाळ गेली. मला या विषयाचं फार वेड आहे, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहून काढते.

आधी थोडी ओळख

ख्मेर म्हणजे कंबोडियातले मुख्य लोक आणि त्यांची भाषा. साधारण ८०२ पासून १४३१ पर्यंत त्यांच्या राजांची राजधानी बहुतेक काळ अंगकोर भागात होती, आजच्या सिएम रीप शहराजवळ. या काळातले दोन राजे लक्षात ठेवले की पुढचं सगळं सोपं जातं. एक सूर्यवर्मन दुसरा, १११३ ला गादीवर आला, त्याने अंगकोर वाट बांधलं. दुसरा जयवर्मन सातवा, ११८१ ला गादीवर आला, त्याने बायोन नावाचं मंदिर बांधलं, तेच ते मोठमोठ्या हसऱ्या चेहऱ्यांचं. ख्मेरांचे शेजारी आणि बरेचदा शत्रू म्हणजे चाम लोक, त्यांचं राज्य चंपा, आजच्या मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर.

आणखी एक शब्द, उठावशिल्प. म्हणजे भिंतीवर थोडं उचलून कोरलेलं चित्र, मूर्तीसारखं सुटं नाही. आपली सगळी फौज या उठावशिल्पांत आहे.

ही माहिती येते कुठून?

अंगकोरमधलं रोजचं लिखाण ताडपत्रावर आणि कातड्यावर व्हायचं, ते त्या दमट हवेत टिकलं नाही. उरलं काय तर दगड. मंदिरांतले शिलालेख आहेत, संस्कृतात आणि जुन्या ख्मेरमध्ये, पण त्यात राजाची स्तुती आणि दानाचे हिशेब जास्त. मग अंगकोर वाट, बायोन आणि वायव्येला बांतेय च्मार इथल्या भिंती आहेत. आणि झोउ दागुआन नावाचा एक चिनी माणूस, जो १२९६ मध्ये चीनच्या दूतमंडळाबरोबर आला, जवळजवळ अकरा महिने राहिला आणि परत जाऊन बघितलेलं लिहून ठेवलं.

आता भिंतीवरच्या चित्रांवर किती विश्वास ठेवायचा? मी भाच्याला लग्नाच्या अल्बमचं उदाहरण दिलं. अल्बमचे पैसे यजमान देतो, त्यामुळे त्यात सगळे खूश दिसतात, मानपानावरून झालेली भांडणं त्यात सापडत नाहीत. पण फोटोच्या मागच्या बाजूला जे आलेलं असतं ना, मंडपातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कुणाच्या हातातला मोबाईल, पंगतीतली ताटं, ते मुद्दाम कुणी घडवलेलं नसतं आणि तेच पन्नास वर्षांनी सगळ्यात खरं ठरतं. अंगकोरच्या भिंती अशाच वाचायच्या. पुढे राजा जिंकतोय तो राजाने पैसे दिलेत म्हणून जिंकतोय. मागे शिपायाने खांद्यावर काय टाकलंय, बैलगाडीत काय भरलंय, ते बघायचं.

शिपायाच्या हातात काय?

मुख्य हत्यार भाला. सगळीकडे भालेच भाले, एकामागे एक असे तिरके धरलेले की भिंतीवर पाऊस पडल्यासारखं वाटतं. डाव्या हातात ढाल, काहींची गोल आणि लहान, काहींची लांब, जवळजवळ अख्खं अंग झाकणारी. तलवारी आहेत, खंजीर आहेत, धनुष्यबाण आहेत, पण भाल्यासमोर त्यांची संख्या कमी.

याचं कारण कळायला फार मोठं शास्त्र लागत नाही. तलवारीला लोखंड जास्त लागतं, तिला धार आणि तोल साधणारा कारागीर लागतो आणि ती चालवायला शिकायला वर्षं जातात. भाल्याला वीतभर लोखंड आणि एक चांगली काठी पुरते, आणि चार महिन्यांपूर्वी भात लावणारा माणूससुद्धा रांगेत उभा राहून तो पुढे धरू शकतो. ज्या फौजेत शेतकरी जास्त तिथे भाले जास्त, हे गणित जगात बहुतेक ठिकाणी सारखंच आहे.

पण ख्मेरांचं स्वतःचं म्हणावं असं एक हत्यार आहे, त्याचं नाव फ्काक. लांब दांडा, टोकाला वळलेला, आणि त्या वळणाजवळ आडवं बसवलेलं कुऱ्हाडीसारखं पातं. आपल्याकडच्या कोयत्याचं पातं आणि कुऱ्हाडीचा दांडा मनात एकत्र करा, आणि दांडा मागे वाकवा, साधारण तसं. चालताना ते खांद्यावर अडकवून ठेवतात, अंगकोर वाटच्या भिंतीवर हत्तीवर उभा असलेला सरदारसुद्धा हेच खांद्यावर घेऊन उभा आहे. म्हणजे जंगल तोडायचं, बांबू छाटायचं जे अवजार, तेच लढाईत, आणि तेच मोठ्या माणसाच्या हातात मानाचं म्हणून. कंबोडियाच्या खेड्यात फ्काक नावाचा कोयता आजही वापरतात. मला तरी या एका वस्तूत ती सगळी फौज दिसते.

कपडे म्हणाल तर भाच्याची शंका बरोबर होती, बायोनवरचे साधे ख्मेर शिपाई खरंच उघड्या अंगाचे आहेत. कमरेला कासोट्यासारखं आखूड वस्त्र, केस बारीक कापलेले, डोक्यावर काही नाही, पाय अनवाणी, आणि कित्येकांच्या छातीभोवती दोरी गुंडाळल्यासारखी दिसते. चाम सैनिक लगेच ओळखू येतात, त्यांच्या डोक्यावर उमललेल्या फुलासारखा टोप असतो आणि अंगात बंडीसारखं काहीतरी. भिंतीवर कोण कुणाला मारतंय हे समजायला फक्त डोकी बघायची.

मग चिलखत का नाही? शिपायांची काळजीच नव्हती का?

थोडं हवेमुळे, थोडं पैशामुळे. अंगकोरला एप्रिलमध्ये पारा पस्तिशीच्या वर आणि हवेत दमटपणा, तिथे अंगभर लोखंड घालून कुणी चार कोस चालणार नाही. पण फक्त हवा म्हटलं तर अर्धंच उत्तर होईल, कारण अंगकोर वाटच्या भिंतीवर सरदारांच्या आणि काही सैनिकांच्या अंगात जाड अंगरखे आणि डोक्यावर शिरस्त्राणं दिसतातच. म्हणजे संरक्षण होतं, सगळ्यांना मिळत नव्हतं. साध्या माणसाला ढाल, आणि बाकी देवाचं नाव.

देवाचं नाव मी उगाच म्हणत नाहीये. झोउ दागुआन लिहितो की त्याच्या वेळचा राजा एक पवित्र लोखंडाचा तुकडा अंगात, म्हणजे अक्षरशः कातडीखाली बसवून घेतलेला होता, त्यामुळे सुरी किंवा बाण लागला तरी इजा होणार नाही अशी श्रद्धा, आणि म्हणून तो बाहेर पडायला धजावायचा. राजाची ही गत, तर शिपायाने छातीला दोरी बांधली असेल त्यात नवल काय.

एवढं लोखंड आणायचे कुठून?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हजारो भाल्यांची पाती, बाणांची टोकं, फ्काक, आणि वर मंदिरांचे दगड फोडायच्या छिन्न्या. अंगकोरच्या पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर कोम्पोंग स्वायचं प्रेह खान नावाचं अवाढव्य मंदिर-नगर आहे आणि त्याच्याही पलीकडे फ्नोम देक म्हणून डोंगर. ख्मेरमध्ये फ्नोम म्हणजे डोंगर आणि देक म्हणजे लोखंड, म्हणजे लोहडोंगरच. तिथे कुय नावाचे लोक राहतात, ते पिढ्यानपिढ्या लोखंड गाळायचे, कोळसा आणि दगड भट्टीत घालून भाता मारत राहायचं, शेवटी खाली एक ओबडधोबड गोळा मिळतो, तो ठोकून ठोकून मळ काढायचा. विसाव्या शतकापर्यंत त्यांचं हे काम चालू होतं. पुरातत्त्वाच्या लोकांना त्या परिसरात आणि प्रेह खानच्या आवारातसुद्धा लोखंड गाळल्यावर उरणाऱ्या मळीचे ढीग सापडलेत, आणि अंगकोरहून तिकडे जाणारा जुना रस्ता दगडी पुलांसकट अजून दिसतो.

हे समजलं की भिंतीवरचा भाला वेगळा दिसायला लागतो. त्याच्या मागे कुणीतरी कुय बाप-लेक भट्टीसमोर बसलेत, त्यांचं चित्र मात्र कुणी कोरलेलं नाही.

मोठा माणूस कोण हे कसं ओळखायचं? छत्र्या मोजा

अंगकोर वाटच्या दक्षिण बाजूच्या ओवरीत नव्वद मीटरहून लांब एक मिरवणूक कोरलीय, सूर्यवर्मन दुसऱ्याची फौज. एकामागे एक सरदार हत्तीवर उभे, आणि खास गोष्ट म्हणजे त्यांच्या शेजारी छोट्या अक्षरांत त्यांची नावं कोरलेली आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर छत्र्या, पण सारख्या नाहीत. राजाला सगळ्यात जास्त, पंधरा. बाकीच्यांना कमी-जास्त, हुद्द्याप्रमाणे. आजच्या खांद्यावरच्या चांदण्या जशा असतात तसं हे, फक्त लांबून दिसायला हवं म्हणून उंच दांड्यावर. धुळीत आणि गोंधळात आपला सरदार कुठाय हे शिपायाला छत्र्या बघून कळत असणार, त्याशिवाय गरुडावर बसलेला विष्णू, हनुमान अशी निशाणं होतीच, आणि मोठी घंटा, ढोल, शंख, शिंगं वाजवणारे लोक. मिरवणुकीत पवित्र अग्नीसुद्धा खांद्यावरून नेतायत, घंटा वाजवणारे ब्राह्मण बरोबर.

हत्ती म्हणजे त्या काळचं काय? लोक पटकन रणगाडा म्हणतात, मला ते पूर्ण पटत नाही. रणगाडा घाबरत नाही. हत्ती बिथरला तर आपल्याच रांगा तुडवतो, म्हणून मानेवर अंकुश घेतलेला माहूत लागतो आणि पायांजवळ संरक्षणाला पायदळ. हत्तीचा मोठा उपयोग उंचीचा, सेनापतीला वरून दिसतं आणि सेनापती सगळ्यांना दिसतो. आणि भीतीचा, अर्थात. सूर्यवर्मन दुसऱ्याने गादी कशी मिळवली हे सांगताना शिलालेख म्हणतो की त्याने शत्रू राजाच्या हत्तीच्या डोक्यावर झेप घेऊन त्याला मारलं, जसा गरुड डोंगराच्या कड्यावर सापाला मारतो. हे राजकवीचं वर्णन आहे, अल्बमचा पुढचा भाग. पण हत्तीवरून हत्तीवर लढाई व्हायची एवढं त्यातून खरं धरायला हरकत नाही.

घोडे होते, पण लहान चणीचे. झोउ दागुआन म्हणतो की तिथे घोड्याला खोगीर नसतं, हत्तीवर मात्र बसायला बैठक असते.

हत्तीवरचं दुहेरी धनुष्य

बायोन आणि बांतेय च्मारच्या भिंतींवर एक यंत्र दिसतं जे अंगकोर वाटच्या भिंतींवर, म्हणजे साधारण पन्नास वर्षं आधी, नाही. हत्तीच्या पाठीवर एका चौकटीत दोन धनुष्यं बसवलीत, आणि त्यातून मोठा बाण सोडायला दोन माणसं. काही ठिकाणी हेच यंत्र चाकांच्या गाड्यावर. दोन धनुष्यांचा जोर एका बाणाला मिळतो, त्यामुळे हातातल्या धनुष्यापेक्षा तो खूप लांब आणि खोल जातो.

हे आलं कुठून तर बहुतेक अभ्यासक चीनकडे बोट दाखवतात, आणि त्याला जुळणारी एक चिनी नोंद आहे. साधारण ११७१ मध्ये चीनच्या फुजियान भागातला एक माणूस चंपाच्या किनाऱ्याला लागला, त्याने पाहिलं की चाम आणि ख्मेर दोघं हत्तीवरून लढतायत आणि कुणीच नीट जिंकत नाहीये, मग त्याने चाम राजाला घोड्यावरून यांत्रिक धनुष्य चालवायला शिकवलं. चाम लोकांना त्याचा फायदा झाला, मग त्यांना आणखी घोडे हवे झाले, ते चीनच्या हैनान बेटावर घ्यायला गेले तर मिळाले नाहीत. शस्त्रांची स्पर्धा म्हणतात ती ही, एकाने काही आणलं की दुसऱ्याला आणावंच लागतं, आणि माल देणारा तिसराच.

पाण्यावरची लढाई

घोडे मिळाले नाहीत म्हणून चाम राजाने वाट बदलली. चिनी नोंदींप्रमाणे ११७७ मध्ये चाम आरमार मेकाँग नदीतून वर आलं आणि अंगकोर लुटलं, तिथला राजा मारला गेला. या सालाबद्दल आणि घटनेबद्दल आता काही इतिहासकार शंका घेतात, पण चाम-ख्मेर लढाया पाण्यावर झाल्या यात वाद नाही कारण बायोनच्या दक्षिण भिंतीवर ती लढाई कोरलेलीच आहे.

हे समजायला टोनले साप सरोवर समजून घ्यावं लागतं. हे सरोवर एका नदीने मेकाँगला जोडलेलं आहे. उन्हाळ्यात पाणी सरोवरातून मेकाँगकडे वाहतं. पावसाळ्यात मेकाँग एवढी फुगते की नदी उलटी फिरते आणि पाणी सरोवरात घुसतं, आणि सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं सरोवर पंधरा हजारांपर्यंत पसरतं. म्हणजे वर्षातले काही महिने अंगकोरच्या दारापर्यंत पाणी येतं, आणि पाण्याबरोबर शत्रूची नावसुद्धा येऊ शकते. ज्या पाण्याने भात आणि मासे दिले तोच हल्ल्याचा रस्ता.

भिंतीवरच्या नावा लांबलचक आहेत, पुढचं तोंड गरुडाचं किंवा मकराचं, वल्हेकऱ्यांची रांग आडोशामागे बसलेली, फक्त डोकी दिसतायत, आणि वर उभे भालेकरी. खाली पाण्यात मासे, पडलेली माणसं, आणि एका माणसाला धरलेली मगर. ही मगर मला विसरता येत नाही. राजाच्या विजयाच्या चित्रात मूर्तिकाराला ती घालायची काही सक्ती नव्हती, पण त्याने किंवा त्याच्या गावातल्या कुणी ते बघितलेलं असणार. आज नोव्हेंबरच्या सुमारास नदी परत सुलटी फिरते तेव्हा कंबोडियाच्या राजधानीत, नोम पेन्हला, लांब नावांच्या शर्यती होतात आणि तिथले लोक त्यांचं नातं त्या जुन्या आरमाराशी सांगतात.

एवढी माणसं आणायची कुठून?

आजच्यासारखी बराकीत राहणारी, पगार घेणारी मोठी फौज अशी कल्पना केली तर चुकेल. राजाचे रक्षक होते, निष्ठावान अधिकारी होते, पण मोठी संख्या गावांतून येत असणार, सरदाराने आपल्या भागातली माणसं घेऊन यायचं अशी पद्धत. ती यंत्रणा किती खोल गेली होती हे ता प्रोह्म मंदिराच्या ११८६ च्या शिलालेखातून कळतं. त्या एका मंदिराच्या सेवेला ३,१४० गावं आणि ७९,३६५ माणसं लावलेली होती. जो राजा एका मंदिरासाठी एवढ्या माणसांची नावनिशी ठेवतो, तो लढाईसाठी माणसं नक्कीच गोळा करू शकतो.

आणि बायोनच्या पूर्व भिंतीवर निघालेली फौज बघा. शिपायांच्या मागे बैलगाड्या, गाड्यांत धान्य, बरोबर बायका, पोरं, जनावरं, वाटेत स्वयंपाक. म्हणजे अर्धं गाव चाललंय. हे चित्र पाहिल्यावर मोहीम म्हणजे काय ते कळतं, कुणाचं तरी भात तसंच शेतात राहिलंय, कुणाचं लेकरू कडेवर आहे.

बायका फक्त स्वयंपाकालाच होत्या असंही नाही. झोउ दागुआनने राजाची स्वारी बघितली, त्यात हातात भाला आणि ढाल घेतलेल्या राजवाड्यातल्या स्त्रियांची एक वेगळी तुकडी होती, राजाच्या खास रक्षक. शेवटी राजा, हत्तीवर उभा, हातात तलवार, आणि हत्तीचे सुळे सोन्याने मढवलेले.

निष्ठेचा करारसुद्धा दगडात आहे. १०११ मध्ये सूर्यवर्मन पहिल्याने आपल्या अधिकाऱ्यांकडून शपथ घेतली आणि ती अंगकोरच्या राजवाड्याच्या दरवाज्यावर कोरली, खाली नावं. त्यात ते म्हणतात की युद्ध झालं तर आम्ही मनापासून लढू, जिवाची पर्वा करणार नाही, आणि शपथ मोडली तर चंद्रसूर्य असेपर्यंत बत्तीस नरकांत जन्म मिळो. आपल्या जुन्या मराठी शिलालेखांत दान मोडणाऱ्याला जे शाप असतात त्यांची आठवण येते. पण शेवटी एक मागणी आहे, आमच्या कुटुंबांचं पोषण राजाने करावं. हजार वर्षांपूर्वीचं वाक्य आहे आणि कुठल्याही सैनिकाच्या घरी आजही समजेल.

पण झोउ दागुआन तर म्हणतो त्यांच्याकडे धनुष्यबाणच नाहीत?

हो, म्हणतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सैनिक उघडे आणि अनवाणी, उजव्या हातात भाला, डाव्यात ढाल, ना धनुष्यबाण, ना दगडफेकी यंत्रं, ना चिलखत, ना शिरस्त्राण, आणि डावपेच तर अजिबात नाहीत. सयामी लोकांशी (सयाम म्हणजे थायलंडचं जुनं नाव) लढाई झाली तेव्हा सगळ्या प्रजेला लढायला लावलं असंही सांगतो.

भिंत म्हणते धनुष्यं आहेत, तो म्हणतो नाहीत. दोघांच्यात शंभर वर्षांचं अंतर आहे हे आधी लक्षात घ्या, बायोन बाराव्या शतकाच्या शेवटचं आणि तो तेराव्याच्या शेवटचा. दुसरं, त्याने लढाई बघितली नाही, शहर बघितलं. आणि तो मंगोलांच्या चीनमधून आलेला, जिथे सगळा मामला घोडा आणि धनुष्य. त्याला ती फौज गबाळी वाटणारच. माझं मत असं की भाला-ढालीबद्दल त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा, कारण भिंतीही तेच सांगतात, आणि 'काहीच नाही' या शब्दाबद्दल जरा सांभाळून.

दोन लाख हत्ती होते म्हणे?

हा आकडाही चिनी पुस्तकातला, १२२५ चा, बंदरावरच्या व्यापाऱ्यांकडून ऐकून लिहिलेल्या माहितीत. हिशेब करून बघा. एक हत्ती दिवसाला सहज दीडशे किलो चारा खातो. दोन लाख हत्ती म्हणजे रोज तीस हजार टन. अंगकोरच्या सगळ्या पसाऱ्याची लोकसंख्या अभ्यासक सात ते नऊ लाख धरतात, म्हणजे साधारण चार माणसांमागे एक हत्ती. हे शक्य नाही. 'खूप' या शब्दाला त्यांनी आकडा लावलाय, एवढंच समजायचं.

हे सगळं आपल्याकडूनच गेलं ना?

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो आणि त्याचं उत्तर अभिमान बाजूला ठेवून द्यावं असं मला मनापासून वाटतं. अंगकोर वाटच्या पश्चिम ओवरीत अख्खं कुरुक्षेत्र कोरलंय. शरपंजरी पडलेले भीष्म आहेत, रथाचं चाक अडकलेला कर्ण आहे, अर्जुनाचा सारथी कृष्ण चार हातांचा आहे. मराठी माणूस तिथे उभा राहिला तर त्याला पाटीची गरज पडत नाही. राजांची नावं संस्कृत, अंकुश तोच.

पण आता लग्नाच्या अल्बमची युक्ती परत वापरा. कुरुक्षेत्राच्या चित्रात रथ आहेत कारण गोष्टीत रथ आहेत. त्याच मंदिरात राजाच्या खऱ्या फौजेची मिरवणूक आहे, तिथे योद्धे हत्तीवर आणि घोड्यावर, रथात नाहीत. फ्काक आपल्याकडे कुठे दिसत नाही. दुहेरी धनुष्य चीनकडून. नावा मेकाँगच्या. म्हणजे गोष्ट आपल्याकडून गेली, ती त्यांनी आपली म्हणून जपली, पण लढले ते त्यांच्या हवेत, त्यांच्या पाण्यावर, त्यांच्या कोयत्याने.

मग हे सैनिक नक्की कुणाचे पूर्वज?

आता परत जुलै २०२५ वर येते, कारण फोटोंखाली भांडण याच गोष्टीवर होतं.

अंगकोर वाटच्या त्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे एक तुकडी आहे, कपडे वेगळे, केस वेगळे, चाल जरा विस्कळीत, आणि शेजारी कोरलंय 'स्याम कुक'. बरेच अभ्यासक हे सयामी लोक मानतात, काही मानत नाहीत. त्यांच्या मागची तुकडी लवोची, म्हणजे आजचं लोपबुरी, थायलंडच्या मधोमध. तर ख्मेर राजाच्या फौजेत आजच्या थायलंडमधली माणसं चालतायत, आणि भिंतीवर नावासकट.

चाम लोकांचंही तेच. विद्यानंदन नावाचा एक चाम राजपुत्र तरुणपणी जयवर्मन सातव्याकडे आला, ख्मेर राजासाठी बंड मोडून काढलं, मग ११९० मध्ये ख्मेर फौज घेऊन स्वतःच्याच चंपावर गेला आणि विजय नावाची तिथली राजधानी जिंकून घेतली, आणि दोनच वर्षांत अंगकोरला झुगारून स्वतः राजा झाला. चंपाच्या म्यी सन इथल्या मंदिरांतल्या शिलालेखात हे आहे. आता याला कुठल्या देशाचा सैनिक म्हणायचं? बायोनच्या भिंतीवर फुलांच्या टोपाचे चाम दोन्ही बाजूंनी लढताना दिसतात ते उगाच नाही. निष्ठा राजाशी होती, सरदाराशी होती. नकाशावरची रेघ नंतर आली, फ्रेंचांच्या काळात.

आणि ता मुएन थोम, जिथे गोळीबार झाला, ते काय होतं? अंगकोरहून फिमाईला, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, जाणारा राजरस्ता त्या खिंडीतून जायचा. जयवर्मन सातव्याच्या ११९१ च्या शिलालेखात या रस्त्यावरच्या १७ धर्मशाळांचा उल्लेख आहे, आणि ता प्रोह्मच्या लेखात राज्यभरच्या १०२ रुग्णालयांचा. ता मुएन थोमच्या जवळच दोन लहान मंदिरं आहेत, एक धर्मशाळेचं, एक रुग्णालयाचं. फौजा त्याच रस्त्याने जात असणार, आणि वाटसरू, आजारी माणसंही.

तो ११९१ चा शिलालेख ज्या मंदिरात सापडला त्याचं नाव प्रेह खान, अंगकोरजवळचं, कोम्पोंग स्वायचं नव्हे. प्रेह खान म्हणजे पवित्र तलवार, आणि हा 'खान' म्हणजे आपला खड्ग. त्या जागेचं संस्कृत नाव जयश्री, चाम लोकांशी लढाई झाली तिथे बांधलेलं. आता बँकॉकला थायलंडच्या राजाच्या राज्याभिषेकात जी तलवार त्याच्या हातात देतात, २०१९ मध्येही दिली, तिचं नाव फ्रा सेंग खान चाई सी. खान म्हणजे खड्ग, चाई सी म्हणजे जयश्री. तिची गोष्ट थायलंडमध्ये अशी सांगतात की १७८४ मध्ये कंबोडियाच्या टोनले साप सरोवरात एका कोळ्याने जाळं टाकलं आणि माशांबरोबर ते जुनं पातं वर आलं.